क्लिअर किती उरला?

रत्नागिरीत, मालवणात किंवा पणजीत आठ-दहा वर्षं उघड्यावर काढलेली मोटार ओळखायला नंबरप्लेट वाचावी लागत नाही. छताकडे पाहिलं की पुरे. दारं अजून बऱ्यापैकी तुकतुकीत असतात, मडगार्डही ठीक असतात. पण छत, बॉनेट आणि डिकीचं झाकण यांवर आधी एक पांढुरका, धुरकट पट्टा दिसू लागतो. पाणी मारलं की तो दिसेनासा होतो, वाळलं की परत येतो. पुढच्या पावसाळ्यानंतर त्याची कड उचलते, नखाने ओढली तर पारदर्शक पापुद्रा निघतो, आणि मग सर्व्हिसिंगच्या वेळी प्रेशरच्या पाण्याने तळहाताएवढा तुकडा उडून जातो. खाली रंग असतो, पण निस्तेज. बोट फिरवलं तर बोटाला लागणारा. गॅरेजवाले एवढंच म्हणतात, ‘क्लिअर सुटला.’

गाडी घेताना आपण मायलेज विचारतो, एअरबॅग मोजतो, हप्ता ठरवतो. रंगाबद्दल मात्र ‘कुठला?’ एवढीच चौकशी होते. किनारपट्टीत गाडी ठेवणाऱ्याने क्लिअर म्हणजे काय आणि तो कशाने संपतो हे समजून घेतलं, तर गाडीची काही वर्षं आणि खिशातले काही हजार रुपये नक्की वाचतील. पण त्यासाठी आपल्या हाताला पडलेली एक जुनी सवय आधी मोडावी लागेल. त्या सवयीकडे येतोच, आधी उन्हाबद्दल.

छतच आधी का जातं, याचं उत्तर आकाशात आहे. कोकण कर्कवृत्ताच्या बरंच दक्षिणेला येतं. त्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य इथे अगदी डोक्यावर येतो. रत्नागिरीत मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि मुंबईत १५-१६ मेच्या आसपास तो शून्य सावलीचा दिवस येतो. शाळांतून मुलं काठी उभी करून तो पाहतात. त्या सुमारास दुपारचं ऊन दाराला तिरकं लागतं, छतावर मात्र सरळ पडतं. एप्रिल-मेमध्ये इथला अतिनील निर्देशांक ११ च्या पुढे जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीत ११ आणि त्यापुढचा गट सर्वांत वरचा, अतितीव्र. त्वचेसाठी केलेली ती मोजपट्टी असली तरी ते किरण गाडीवरही पडतच असतात. पातळ ढग असले म्हणजे ऊन नाही असं आपल्याला वाटतं. अतिनील किरणांचा बराच भाग त्या ढगांतूनही खाली येतो.

आता हे किरण पडतात कशावर, ते पाहू. कारखान्यातून निघालेल्या गाडीच्या पत्र्यावर सर्वांत खाली फॉस्फेटचा थर असतो. त्यावर इलेक्ट्रोकोट, म्हणजे अख्खा सांगाडा टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने चढवलेला, गंज रोखणारा इपॉक्सीचा थर. त्यावर प्रायमर. त्यावर बेसकोट, म्हणजे ज्याला आपण रंग म्हणतो तो. आणि सर्वांत वर क्लिअरकोट: रंगहीन, पारदर्शक, चकाकणारा. हे सगळं मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरतं. त्यात खरा रंग फार तर १५-२० मायक्रॉनचा आणि क्लिअर ३५ ते ५० मायक्रॉनचा. माणसाचा केस सरासरी ७० मायक्रॉन जाड धरला तर क्लिअर केसाच्या अर्ध्यापेक्षा थोडा जास्त. आपल्याला दिसणारी सगळी चमक तिथली आहे, आणि ऊन-पाण्याशी सगळा सामनाही तिथेच चालतो.

या रंगांचं आणि आपल्या भागाचं नातं फार लोकांना ठाऊक नसतं. आजची कन्साई नेरोलॅक ही कंपनी १९२० मध्ये मुंबईत लोअर परळला ‘गहागन पेंट्स’ म्हणून सुरू झाली. देशातल्या मोटार कारखान्यांना रंग पुरवणाऱ्या मोठ्या कंपन्यांत ती आज आहे, आणि तिचा एक कारखाना रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुरामला आहे. आणखी एक गोष्ट. भारतात सर्वाधिक खपणारी गाडी पांढऱ्या रंगाची असते. हा पांढरा रंग देणारं द्रव्य म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, ते इल्मेनाइट या काळ्या खनिजापासून बनतं, आणि रत्नागिरीजवळ काळबादेवी आणि मालगुंडच्या किनाऱ्यांवरच्या काळ्या वाळूत हे इल्मेनाइट आहे. त्या वाळूवर अनवाणी चालताना तिच्यात मोटारींचा पांढरा रंग दडलाय हे कुणाच्या मनात यावं!

क्लिअर म्हणजे मुळात प्लॅस्टिकच: ॲक्रिलिक रेझिन, मेलामाइनने किंवा युरेथेनने एकमेकांत गुंतवलेलं. अतिनील किरणांत या रेणूंचे बंध तोडण्याइतकी शक्ती असते. बंध तुटला की फ्री रॅडिकल तयार होतात, ते हवेतल्या ऑक्सिजनला धरतात, आणि शेजारच्या साखळ्या तोडत सुटतात. हे कारखान्यांना माहीत आहे, म्हणून क्लिअरमध्ये दोन प्रकारची औषधं घातलेली असतात. एक अतिनील किरण शोषून त्यांची उष्णता करून टाकतं. दुसरं, ज्याला रंगाच्या धंद्यात ‘हाल्स’ म्हणतात, ते तयार झालेले फ्री रॅडिकल पकडून निकामी करतं. नव्या गाडीचा क्लिअर उन्हात टिकतो तो या दोघांमुळे. पण शोषणारं द्रव्य वर्षानुवर्षं उन्हात हळूहळू संपत जातं. शिवाय ते थराच्या जाडीवर काम करतं: थर पातळ झाला की त्याच उन्हाचा जास्त वाटा खाली रंगापर्यंत आणि प्रायमरपर्यंत पोचतो. हा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

खाली किरण पोचले तर काय होतं, याचा धडा अमेरिकेने मोठी किंमत देऊन घेतला. १९८० च्या दशकात तिथल्या काही पिकअप ट्रकांवर आणि मोटारींवर इलेक्ट्रोकोटवर मधला प्रायमर न देता थेट रंग चढवला गेला. इपॉक्सी गंजाला उत्तम, पण अतिनील किरणांपुढे फार दुबळी. वरचे थर भेदून किरण तिथवर पोचले, इपॉक्सीच्या पृष्ठभागाची भुकटी झाली आणि वरचा अख्खा रंग चादरीएवढ्या पोपड्यांनी निघू लागला. फोर्डच्या गाड्यांवरून १९९० च्या दशकात लुइझियानाच्या फेडरल कोर्टात एकत्रित दावे चालले. वादींचा मुद्दा हाच होता.

पण नुसतं ऊन असतं तर कोकणातल्या गाड्यांचे हाल राजस्थानातल्या गाड्यांपेक्षा कमी झाले असते. तसं होत नाही, कारण इथे पाणी आहे.

रंग कंपन्या आपले नमुने तपासायला फ्लोरिडाला का पाठवतात, यातच हे उत्तर आहे. मायामीजवळ, होमस्टेडच्या बाजूला, मैदानात लोखंडी चौकटींवर रंगवलेल्या पत्र्यांच्या रांगाच्या रांगा वर्षानुवर्षं उन्हात ठेवलेल्या असतात. कोरड्या उन्हासाठी ॲरिझोना, दमट उन्हासाठी दक्षिण फ्लोरिडा, अशी जगभरची रीत आहे. आणि तिथल्या मोजमापांतून निघालेली एक गोष्ट आपल्याला फार उपयोगी आहे: पत्रा ओला राहण्याचे सर्वांत जास्त तास पाऊस देत नाही, दव देतं. पाऊस येतो, धुतो, ओसरतो. दव रात्री बसतं ते सकाळी ऊन चढेपर्यंत आठ-आठ, दहा-दहा तास तसंच राहतं. निरभ्र रात्री मोकळ्या जागेतला पत्रा आकाशाकडे उष्णता टाकत आजूबाजूच्या हवेहूनही थंड होतो आणि हवेतलं बाष्प त्याच्यावर जमतं. त्या पाण्यात ऑक्सिजन भरपूर मिसळलेला असतो. मेलामाइनचे बंध पाण्याने मुळातच सुटतात. उन्हाने सैल केलेल्या क्लिअरमध्ये हे पाणी मुरतं, दुसऱ्या दिवशी पत्रा साठ अंशांवर तापला की बाहेर निघतं. फुगणं, आकसणं, पुन्हा फुगणं. कोकणातला ऑक्टोबर ते फेब्रुवारी म्हणजे हेच चक्र रोज. पावसाळ्यातल्या तीन हजार मिलिमीटर पावसाला आपण घाबरतो, पण गाडीच्या छताचं खरं वैर या शांत दंवाशी आहे.

दंवात काय विरघळतं तेही महत्त्वाचं. समुद्राचं मीठ, डिझेलचा धूर, कारखान्याच्या पट्ट्यात गंधकाची आणि नत्राची आम्लं. फ्लोरिडातल्याच जॅक्सनव्हिल बंदरात जहाजांतून उतरवून उघड्यावर ठेवलेल्या नव्याकोऱ्या गाड्यांच्या छतांवर गोल खळगे पडत. कारण असं, की आम्लाचा अंश असलेला थेंब उन्हात आटत जातो तसं त्यातलं आम्ल तीव्र होत जातं आणि शेवटच्या काही मिनिटांत ते क्लिअर खातं. उन्हाळ्यातले काही आठवडे जॅक्सनव्हिलमध्ये पत्रे ठेवून अशा डागांची परीक्षा घेणं हा त्यानंतर रंग कंपन्यांचा नेमच झाला. आपल्याकडे बोअरच्या पाण्याने भर दुपारी गाडी धुणारे लोक हाच प्रयोग रोज करतात; फक्त आम्लाच्या जागी क्षार असतात.

आता ती सवय.

फियाट आणि ॲम्बेसेडरच्या जमान्यात गाडीवर क्लिअर नावाचा थर नव्हता. वर जे दिसे तेच रंगाचं इनॅमल, आणि ते चांगलं जाड. दोन-तीन उन्हाळ्यांत त्याचा वरचा भाग मरायचा, खडूसारखा व्हायचा. मग रबिंग कंपाउंडचा डबा आणि सुती चिंध्या घेऊन घासलं की मेलेला थर चिंधीवर यायचा आणि खालचा ताजा रंग वर यायचा. लाल गाडी घासली तर चिंधी लाल, हिरवी घासली तर हिरवी. वर मेणाचं पॉलिश लावलं की दसऱ्याला गाडी नवी. त्या रंगासाठी हा उपाय अगदी बरोबर होता, आणि मुंबईच्या कित्येक टॅक्सीवाल्यांनी आपली फियाट, म्हणजे पद्मिनी, याच हातांनी वर्षानुवर्षं राखली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ ला तिची सद्दी संपली. पद्मिनी गेली, रबिंग राहिलं.

आजच्या गाडीवर तोच हात फिरतो तेव्हा निघतो तो मेलेला रंग नव्हे, क्लिअर. जाड दाण्याचं कंपाउंड आणि मशिनचं बफ एका बैठकीत दोन-चार मायक्रॉन सहज नेतं; बारीक पॉलिश एखादा. एकूण आठ-दहा मायक्रॉनच्या वर क्लिअर काढू नये, असं या कामातले जाणकार मानतात, कारण त्यापुढे उन्हाला अडवायला पुरेसं द्रव्य उरत नाही. आता हिशेब मांडा. गाडी घेतली त्या वर्षी डीलरने ‘पेंट प्रोटेक्शन’ म्हणून बफ मारला, दुसऱ्या वर्षी सर्व्हिसिंगच्या पॅकेजमध्ये रबिंग-पॉलिश फुकट मिळालं, तिसऱ्या दिवाळीला आपणच सांगून करून घेतलं. प्रत्येक वेळी गाडी आरशासारखी चमकली, प्रत्येक वेळी आपण खूश होऊन घरी आलो. पाचव्या-सहाव्या वर्षी छत पांढुरकं झालं तेव्हा आपण ऊन फार आहे म्हणालो.

चमक आणि संरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घासून आणलेली चमक संरक्षणाच्या बदल्यात मिळते. हे वाक्य प्रत्येक सर्व्हिस सेंटरच्या भिंतीवर लावावं असं मला वाटतं, पण रबिंग हा तिथला नफ्याचा माल असल्यामुळे ते तिथे लागणार नाही.

घरी करता येईल अशी एक साधी खूण आहे. गाडी धुऊन वाळवा, छताच्या कोपऱ्यावर थोडं पॉलिश पांढऱ्या स्वच्छ फडक्याने फिरवा. फडक्यावर गाडीचा रंग आला तर तिथला क्लिअर संपलेला आहे. काही साध्या पांढऱ्या-लाल रंगांवर क्लिअर मुळातच नसतो, त्यांना ही खूण लागू नाही. मेटॅलिक रंगाला नक्की लागू आहे. एकदा क्लिअर पांढुरका झाला, सुटू लागला, की जगातलं कुठलंही पॉलिश किंवा मेण तो परत आणत नाही. तो भाग पेपरने घासून, बेसकोट आणि क्लिअर नव्याने मारणं हा एकच इलाज. दुसरं काही विकणारा माणूस खोटं बोलतो आहे.

घासण्याचा दुसरा प्रकार रोजचा आहे आणि तो सोसायट्यांच्या आवारात पहाटे चालतो. मुंबई-ठाण्यात महिन्याच्या ठरलेल्या पैशांत गाड्या पुसणारी माणसं सकाळी सातच्या आत वीस-पंचवीस गाड्या उरकतात. एक बादली, एक फडकं. पहिल्या गाडीची धूळ पाण्यात, ते पाणी दहाव्या गाडीवर. पाचव्या गाडीनंतर बादलीच्या तळाशी हात घातला तर बोटांना रेती लागते. कोकणात तर जांभ्याची तांबडी धूळ आहे, आणि मुंबई-गोवा महामार्गाच्या न संपणाऱ्या चौपदरीकरणाने तिच्यात भरच घातली. त्या धुळीवर ओलं फडकं फिरलं की क्लिअरवर केसाएवढे गोल गोल ओरखडे उठतात; सकाळच्या तिरक्या उन्हात बॉनेटवर जाळं दिसतं ते हेच. या ओरखड्यांत पाणी आणि मीठ थांबतं. आणि हे जाळं घालवायला पुन्हा रबिंग!

यात त्या पुसणाऱ्याला बोल लावणं मला मान्य नाही. सोसायटी त्याला नळाचं पाणी देत नाही, मालक त्याला फडकं देत नाही, आणि गाडी रोज चकचकीत दिसली नाही तर पैसे कापले जातात. त्याला दोन बादल्या, दोन-तीन मायक्रोफायबरची फडकी आणि शाम्पूची बाटली आपण द्यावी, आणि रोज पुसण्याऐवजी आठवड्यातून दोनदा नीट धुवायला सांगावं. पैसे तेवढेच ठेवावेत. अंगावर धूळ असलेली गाडी उभी राहिली तर तिचं काही बिघडत नाही. धूळ असताना पुसली तर बिघडतं.

ताबडतोब काढायलाच हवी अशी मात्र एक गोष्ट आहे, ती म्हणजे पक्ष्यांची शिट. तिच्यात युरिक आम्ल असतं, पचनाचे रस असतात. इराणमधल्या संशोधकांनी स्वादुपिंडाचे विकर वापरून क्लिअरवर तसेच डाग पाडून दाखवले आहेत. त्यात उष्णतेचीही भर पडते. दुपारी क्लिअर तापून मऊ होतो, प्रसरण पावतो. संध्याकाळी आकसताना त्याच्यावर वाळलेल्या शिटेचा ठसा त्यात उमटून बसतो. म्हणून उन्हाळ्यात एक दुपार पुरते. वडाखाली वा बदामाखाली गाडी लावणाऱ्यांना वाघळांचा प्रसाद मिळतो, तोही तसाच. कोरड्या फडक्याने खरवडू नये. भिजवलेलं फडकं त्यावर पाच-दहा मिनिटं ठेवावं, मऊ झालं की उचलून घ्यावं.

आंब्याखालची गाडी हे खास आपल्याकडचं प्रकरण. सावली म्हणून जानेवारीत गाडी कलमाखाली लावली की दोन दिवसांत काचेवर, बॉनेटवर बारीक चिकट ठिपके दिसतात, हात लावला तर साखरेच्या पाकासारखे. बागायतदार ते पाहून गाडीकडे नव्हे, वर मोहोराकडे बघतो, कारण हा तुडतुड्यांचा चिकटा आहे. तुडतुडे मोहोराचा रस शोषतात आणि जादा साखर खाली टाकतात. पुढे त्यावर काळी बुरशी धरते, पानांवरही आणि गाडीवरही. ताजा असताना तो कोमट पाण्याने आणि शाम्पूने जातो. आठवडाभर उन्हात भाजला की घासावा लागतो, आणि घासण्याबद्दल वर पुरेसं सांगितलं आहे. फणसाचा आणि काजूचा चीक त्याहून वाईट. तो काढायला रॉकेल, डिझेल वापरतात, त्याने चीक निघतो, पण तेलकट थर उरतो आणि त्याला धूळ धरते. वापरलंच तर लगेच शाम्पूने धुवावं.

रंग निवडताना एवढं लक्षात घ्यावं: २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेने एक काळी आणि एक चंदेरी होंडा सिव्हिक उन्हात शेजारी शेजारी उभ्या केल्या. काळीचं छत चंदेरीच्या छतापेक्षा २५ अंशांपर्यंत जास्त तापलं, आतली हवा पाच-सहा अंशांनी जास्त. तापमान वाढलं की क्लिअरमधल्या सगळ्या रासायनिक क्रिया वेगाने होतात. रस्त्याकडेला गाडी ठेवायची असेल तर किनारपट्टीवर काळी गाडी घेऊ नये, हा माझा सल्ला आहे.

मेण, सिरॅमिक, फिल्म यांच्याबद्दल बाजारात इतका गलबला आहे की थोडं स्पष्ट बोलणं भाग आहे. कार्नौबा हे ब्राझीलमधल्या ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांवरचं मेण. ते ८२-८५ अंशांवर वितळतं, आणि काळ्या बॉनेटचं तापमान मे महिन्यात त्याच्या फार मागे नसतं. इथे ते काही आठवडेच टिकतं. कृत्रिम सीलंट काही महिने टिकतं, लावायला सोपं, स्वस्त. मेच्या अखेरीस एकदा आणि पाऊस गेल्यावर एकदा लावलं तर बहुतेकांना तेवढं बस आहे. मेण असो वा सीलंट, ते हाताने आणि बिनदाण्याचं लावायचं असतं. डब्यावर ‘क्लीनर’ किंवा ‘कंपाउंड’ लिहिलेलं असेल तर त्यात दाणा आहे.

सिरॅमिक कोटिंग वाईट नाही. पाणी आणि घाण निसटते, शिट कमी चिकटते, त्यामुळे धुताना कमी घासावं लागतं, आणि खरा फायदा तोच. पण तो थर साधारण एक-दोन मायक्रॉनचा. ४० मायक्रॉनचा क्लिअर जे ऊन अडवतो ते हा एक मायक्रॉन काय अडवणार? जाहिरातीतलं ‘९एच’ हे पेन्सिलीच्या कठीणपणाच्या चाचणीचं माप आहे, त्याने जांभ्याची धूळ थांबत नाही. शिवाय बोअरचं पाणी त्यावर गोल थेंब होऊन उभं राहतं आणि उन्हात क्षारांची कडी सोडून जातं. आणि सर्वांत महत्त्वाचं: कोटिंगच्या आधी दुकानदार ‘पेंट करेक्शन’ करतो. म्हणजे काय, तर मशिनने क्लिअर घासतो. एक मायक्रॉन चढवायला पाच मायक्रॉन उतरवले तर व्यवहार तोट्याचा झाला. नव्या गाडीला ते बहुतेकदा लागतच नाही. नीट धुऊन, अगदी बारीक पॉलिशचा एक हात पुरतो.

खरं झाकण घालते ती फिल्म, पीपीएफ. व्हिएतनाम युद्धात हेलिकॉप्टरच्या पात्यांना वाळूपासून जपायला जी युरेथेनची पट्टी निघाली, तिची ही पुढची पिढी. १५०-२०० मायक्रॉन जाड, स्वतः ऊन झेलणारी. महाग आहे, आणि स्वस्तात मिळते ती बऱ्याचदा पीव्हीसीची असते, जी दोन उन्हाळ्यांत पिवळी पडते आणि काढताना त्रास देते. सगळे जण ती पुढच्या बंपरला लावतात, खड्यांसाठी. किनाऱ्यावर उघड्यात राहणाऱ्या गाडीला पैसे मोजकेच असतील तर मी छत आणि बॉनेट झाकीन.

या सगळ्यापेक्षा गुणकारी आणि स्वस्त गोष्ट म्हणजे डोक्यावर काहीतरी असणं. शेडखाली गाडीला ऊन लागत नाही हे कुणीही सांगेल. पण शेडखाली दवही पडत नाही, कारण पत्र्याला आकाश दिसत नाही, हे फार थोड्यांच्या ध्यानात येतं. पत्र्याची शेड शक्य नसेल तर रोपवाटिकेला वापरतात तसं शेडनेट चार बांबूंवर ताणा, निदान छतावर. पूर्वी अंगणात झापांचा मांडव असे, त्याखाली उभी केलेली गाडी आजही महागड्या कोटिंगवाल्या गाडीपेक्षा जास्त टिकेल. कव्हरबद्दल मात्र मी साशंक आहे. प्लॅस्टिकचं कव्हर पावसाळ्यात आतलं बाष्प कोंडतं. क्लिअरखाली बारीक फोड येतात, रबरावर बुरशी धरते. आणि वाऱ्याने हलणारं कुठलंही कव्हर धुळकट गाडीवर घासतच राहतं. घालायचंच तर हवा जाऊ देणारं, आतून मऊ, आणि धुऊन वाळवलेल्या गाडीवरच.

गाडी रंगवायची वेळ आलीच असेल तर तारखेकडे बघा. कोकणात गणपतीला चाकरमानी येणार म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजसमोर रांग लागते. नेमका तोच काळ सर्वांत वाईट. कारखान्यात रंग १४० अंशांच्या आसपास भाजला जातो. गॅरेजच्या बूथमध्ये ६०, आणि बूथ नसेल तर हवेवरच वाळतो. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि रंग पांढुरका पडतो. लांबीत, म्हणजे पुटीत, ओल राहिली तर दुसऱ्या उन्हाळ्यात फोड. जाणता पेंटर पावसात थिनर बदलतो, घाई करत नाही, कधी कधी काम परतही पाठवतो. तो माणूस सोडू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा रंगकामाचा खरा हंगाम. हार्डनरसह टू-के, म्हणजे दोन घटकांच्या, क्लिअरचे पूर्ण दोन हात सांगा, आणि डबा समोर उघडायला लावा.

दसऱ्याच्या पूजेची हळद बॉनेटवर राहिली असेल तर घासू नका. हळदीचा पिवळा रंग उन्हात आपोआप उडतो. कुंकवातला कृत्रिम रंग मात्र राहतो, तो त्याच दिवशी पाण्याने काढावा. झेंडूच्या माळेची तार पत्र्याला लागू देऊ नये. फटाक्यांची राख आणि पहाटेचं दव एकत्र आलं की सकाळी गाडीवर करडा राप दिसतो. फडकं नाही, आधी भरपूर पाणी.

आणि या दिवाळीत गाडी चमकवायला नेणार असाल तर दुकानदाराला एकच गोष्ट विचारा: रंगाची जाडी मोजायचं यंत्र आहे का? खिशात मावणारं ते यंत्र पत्र्याला टेकवलं की मायक्रॉनचा आकडा दाखवतं. छत, बॉनेट, डिकी, कामाआधी आणि कामानंतर, असे सहा आकडे लिहून घ्या आणि सर्व्हिस बुकात ठेवा. पुढच्या वेळी तेच पुन्हा मोजा. यंत्र नाही म्हणाला तर गाडी धुऊन, सीलंट लावून घ्या आणि रबिंगला स्पष्ट नाही म्हणा.